करपाया म्हणजे काय? ठाण्यातल्या एका घराच्या हिशेबातून

नेरुळच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: "मी स्पर्धा परीक्षेसाठी सार्वजनिक वित्त अभ्यासत आहे. पुस्तकात 'ज्यावर कर आकारला जातो तो करपाया' एवढीच व्याख्या आहे. मग करपाया म्हणजे कर देणारी माणसे, वस्तू, की रक्कम? आणि कराचा दर कमी केला म्हणजे कर कमी झाला, असे सरळ म्हणता येते का?"

मी गेली अनेक वर्षे ठाण्यात नौपाड्यात करसल्लागार म्हणून काम करतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या टेबलावर जवळजवळ रोज येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पुस्तकातली व्याख्या चुकीची नाही, ती अपुरी आहे. कर लावण्यासाठी कायदा आधी एखादी गोष्ट निवडतो: उत्पन्न, मालमत्ता, खरेदी-विक्री, वापर. ही झाली कराची वस्तू. पण वस्तूला टक्केवारीने गुणता येत नाही. गुणायला आकडा लागतो. त्या वस्तूचे कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेले मोजमाप, म्हणजे काय धरायचे, काय वगळायचे, कोणत्या तारखेचे मूल्य घ्यायचे, त्यातून काय वजा करायचे हे सारे झाल्यावर हाती उरणारा आकडा, तो करपाया. काही पुस्तकांत यालाच कराधार म्हटले आहे. या आकड्याला दराने गुणले की कर निघतो. म्हणून करपाया म्हणजे माणसे नव्हेत आणि नुसती वस्तूही नव्हे. वस्तू आणि आकडा यांच्यामध्ये कायद्याने केलेले मोजमाप उभे असते, आणि सार्वजनिक वित्तातले बहुतेक खरे निर्णय त्या मोजमापातच दडलेले असतात. दर सर्वांना दिसतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात दर येतो, पाया येत नाही.

घरी महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल असेल तर ते समोर घ्या. त्यावर 'करयोग्य मूल्य' असा एक रकाना असतो आणि त्याखाली सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष उपकर अशा एकाखाली एक ओळी असतात. आपण या ओळींकडे आणि शेवटच्या बेरजेकडे पाहतो. वरच्या रकान्याकडे सहसा पाहत नाही. पण त्या सगळ्या ओळी त्याच एका आकड्यावर उभ्या आहेत. तो आकडा येतो कुठून? हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज महापालिका करते, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करते आणि उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणते. समजा महिना ५,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे ६०,००० होतात आणि १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ५४,००० येते. घर तुम्ही भाड्याने दिलेले नसेल, स्वतः राहत असाल, तरी हा हिशेब होतोच. कर भाड्यावर नाही, घरावर आहे. भाडे हे फक्त घर मोजण्याचे माप आहे. 'वस्तू' आणि 'पाया' यांतला फरक परीक्षेत समजावून सांगायचा असेल तर याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

या मापातच या कराची जुनी दुखणी आहेत. भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या इमारतींचे भाडे गोठले आणि त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाणित भाड्यापलीकडे भाडेमूल्य धरता येत नाही असे न्यायालयांनी सांगितले, तेव्हा करपायाही गोठला. पुढे नव्या इमारतींची आकारणी त्या त्या वेळच्या भाड्याच्या अंदाजाने होत गेली. त्यामुळे नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतले घर आणि घोडबंदर रस्त्यावरचे तेवढ्याच क्षेत्रफळाचे नवे घर यांच्या करयोग्य मूल्यात मोठे अंतर पडते, आणि दर दोघांनाही सारखाच असतो. मुंबई महापालिका २०१० पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्याकडे, म्हणजे घराच्या बाजारभावाशी जोडलेल्या पायाकडे गेली. या बदलाला जो विरोध झाला त्यात दराची चर्चा थोडी आणि पायाची फार होती, आणि ते स्वाभाविकच होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. दर कमी झाला म्हणजे कर कमी झाला, असे म्हणता येत नाही. ही गोष्ट मी एका प्रकरणातून शिकवतो. आकडे सोयीसाठी बदलून गोल केले आहेत. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवले आहेत.

दोन सख्ख्या भावांनी २०१०-११ मध्ये ठाण्यात ५० लाखांना एक घर निम्म्या-निम्म्या वाट्याने घेतले. पुढे धाकटा परदेशी गेला आणि तिथेच स्थायिक झाला. २०२४ च्या दिवाळीनंतर दोघांनी ते घर १ कोटी ३० लाखांना विकले. प्रत्येकाच्या वाट्याला ६५ लाख आले, प्रत्येकाची मूळ किंमत २५ लाख होती. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा दर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला आहे हे दोघांनी वाचलेले होते, आणि कर कमी लागणार या समाधानात थोरले बंधू माझ्याकडे आले.

मी कागदावर दोन उभे रकाने आखले. पूर्वीच्या पद्धतीत मूळ किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घेता येत असे. २०१०-११ चा निर्देशांक १६७ आणि २०२४-२५ चा ३६३. म्हणजे २५ लाखांची किंमत सुमारे ५४ लाख ३४ हजार धरली जाते. ६५ लाखांतून ती वजा केली की नफा उरतो १० लाख ६६ हजार आणि २० टक्क्यांनी कर येतो २ लाख १३ हजारांच्या आसपास. दुसऱ्या रकान्यात नवी पद्धत: निर्देशांक नाही, ६५ वजा २५, नफा ४० लाख, १२.५ टक्क्यांनी कर ५ लाख. दर खाली आला आणि कर दुपटीहून जास्त झाला, कारण त्याच हाताने पाया जवळजवळ चौपट रुंद केला होता.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांबाबत, निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना दोन्ही हिशेब करून कमी येईल तो कर भरण्याची मुभा नंतर देण्यात आली. त्यामुळे थोरल्या भावाचा कर २ लाख १३ हजारांवर थांबला. धाकटा अनिवासी होता, त्याला ही मुभा नव्हती. त्याला ५ लाखच लागले. घर एकच, विक्रीची तारीख एकच, वाटा निम्मा-निम्मा, पैसे सारखे. दोघांच्या नफ्याचे मोजमाप मात्र वेगळे. थोरले बंधू तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते. "म्हणजे याचा नफा खरा आणि माझा खोटा?" असे त्यांनी विचारले. दोन्ही नफे कायद्याने खरेच होते. ५० लाखांचे १ कोटी ३० लाख झाले त्यात महागाईने फुगलेला भाग किती आणि खरी वाढ किती, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. फुगलेला भाग करपायात घ्यायचा की वगळायचा, हा राज्यकर्त्यांचा निर्णय आहे.

नवी पद्धत सर्वांनाच तोट्याची आहे असेही नाही. हेच पूर्ण घर २ कोटी ५० लाखांना गेले असते, तर जुन्या पद्धतीने कर सुमारे २८ लाख २६ हजार आणि नव्या पद्धतीने २५ लाख आला असता. या उदाहरणात विक्रीची किंमत सुमारे २ कोटी ६ लाखांच्या वर गेली की नवी पद्धत फायद्याची ठरते. म्हणजे ज्याच्या घराचा भाव महागाईपेक्षा फार वेगाने वाढला त्याला सवलत, आणि ज्याचा भाव महागाईच्या जरा पुढे राहिला त्याच्यावर बोजा. माझ्या मते हा पायाबदल जुन्या, मध्यम भावाने वाढलेल्या घरांच्या मालकांवर अन्याय करणारा होता आणि ती मुभा देणे आवश्यकच होते. दर आणि पाया एकत्र वाचायची सवय नसेल, तर असा बदल करकपात म्हणून आपल्यासमोर येतो आणि आपण तसाच स्वीकारतो.

त्याच घराभोवती आणखी पाये आहेत. घर विकत घेताना मुद्रांक शुल्क लागते. ठाण्यात ते स्थानिक आणि मेट्रोचे अधिभार धरून ७ टक्के आहे, आणि महिलेच्या नावे घर घेतल्यास एक टक्का कमी. पण ७ टक्के कशाचे? करारातल्या किमतीचे, किंवा सरकारच्या वार्षिक दरतक्त्यानुसार, म्हणजे ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात त्यानुसार, येणाऱ्या मूल्याचे. दोहोंत जे जास्त असेल त्याचे. इथे पाया तुमच्या व्यवहारावर पूर्णपणे अवलंबून नाही. करारात किंमत कमी दाखवून पाया आकसवण्याची वाट बंद व्हावी म्हणून ही योजना आहे, आणि विक्रेत्याच्या प्राप्तिकरातही ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत असल्यास हेच सरकारी मूल्य विक्रीची किंमत म्हणून धरले जाते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे ३० लाखांच्या वर पाया कितीही वाढला तरी फी जागची हलत नाही. ठाण्यात आज त्याखाली घर मिळणे कठीण, तेव्हा ही फी नावाला टक्क्याची आणि व्यवहारात एकरकमी आहे.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले तर वस्तू व सेवा कर येतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येबाहेरच्या घरांना तो ५ टक्के, असे सगळे म्हणतात. कायद्यातली मांडणी वेगळी आहे: किमतीचा एक-तृतीयांश भाग जमिनीचा असे मानून तो वगळायचा आणि उरलेल्या दोन-तृतीयांशावर ७.५ टक्के. ९० लाखांच्या घरात ३० लाख जमिनीचे धरले, ६० लाखांवर कर साडेचार लाख. ठाणे-नवी मुंबईत जमिनीचा खरा वाटा पुष्कळ ठिकाणी एक-तृतीयांशापेक्षा जास्त असतो, तेव्हा या ठोकळ गृहीतकामुळे इथल्या ग्राहकाचा करपाया वाजवीपेक्षा रुंद होतो असे मला प्रामाणिकपणे वाटते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला, मिळाल्यानंतर घर घेतले तर हा करच नाही. तिथे पाया शून्य. आणि पुढे तेच घर भाड्याने दिले, तर भाड्यातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा करून जे राहते ते प्राप्तिकराच्या पायात मिळते. दुरुस्तीसाठी महापालिका १० टक्के सोडते आणि प्राप्तिकर कायदा ३० टक्के. भिंती त्याच, गळतीही तीच.

व्यवसाय कराबद्दल दोनच वाक्ये पुरेत. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांच्या वर पगार असणाऱ्या पुरुषाला आणि २५,००० च्या वर पगार असणाऱ्या महिलेला वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. पगार तीस हजार असो वा तीन लाख, कर तेवढाच, कारण राज्यघटनेनेच या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे.

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये मात्र पायाचे दोन्ही प्रकार, मापाचा आणि किमतीचा, एकत्र पाहायला मिळतात. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरवर आहे, म्हणजे पाया मापाचा, रुपयांचा नाही. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्क्यात आहे आणि शिवाय लिटरमागे ठरावीक रक्कमही आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी जुलै २०२४ मध्ये तो २५ टक्के अधिक ५ रुपये १२ पैसे असा ठरला. टक्केवारीचा भाग ज्या किमतीवर लागतो तिच्यात केंद्राचे शुल्क आधीच मिसळलेले असते. म्हणजे एका कराची रक्कम दुसऱ्या कराचा पाया होते. करावर कर म्हणतात तो हाच, आणि वस्तू व सेवा करात आधी भरलेल्या कराची वजावट देऊन ही साखळी तोडण्याचा प्रयत्न झाला, पण पेट्रोल-डिझेल अजून त्या कराच्या कक्षेबाहेर आहे.

आपण नवी मुंबईच्या आहात, म्हणून पाया कोणाच्या मालकीचा असतो हा प्रश्नही मांडतो. पुस्तके त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. ठाणे महापालिकेचे मोठे उत्पन्न पूर्वी जकातीचे होते. जकातीचा पाया म्हणजे शहराच्या हद्दीत येणारा माल. हा पाया नाक्यावर अडवता येत असे, म्हणून वसुली सोपी होती; आणि त्याच कारणाने तो सदोषही होता, कारण ट्रक तासन्‌तास उभे राहत आणि माल हद्दीबाहेरच उतरवून ठेवण्याकडे व्यापाऱ्यांचा कल राहत असे. भिवंडीच्या परिसरात गोदामे का वाढली याला जागेची स्वस्ताई, रस्ते अशी अनेक कारणे आहेत, पण महानगरांच्या जकात हद्दीबाहेर असणे हे त्यांतले एक ठळक कारण होते. कर चुकवता यावा म्हणून पाया स्वतःच जागा बदलतो, याचा हा आपल्या दारातला पुरावा. नवी मुंबईने जकात नाक्यांऐवजी व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांवर आधारलेला उपकर ठेवला होता. १ एप्रिल २०१३ पासून दोन्ही शहरांत स्थानिक संस्था कर आला. त्याचाही पाया हद्दीत येणारा मालच, फक्त तो नाक्यावर न मोजता वह्यांतून मोजायचा. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळले. म्हणजे दर तोच ठेवून पायाचा बहुतेक भाग एका निर्णयाने काढून टाकला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि उरलेलेही संपले.

आज महापालिकांना त्याबदली राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळते. रक्कम वेळेवर मिळाली तर खर्च भागतो, हे खरे. पण अनुदान आणि करपाया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरात व्यापार वाढला, वाशीच्या बाजारात उलाढाल वाढली, तर त्याचा वाटा आपोआप महापालिकेच्या तिजोरीत येण्याची वाट आता उरलेली नाही. स्वतःचा म्हणावा असा मोठा पाया एकच राहिला आहे, तो म्हणजे जमीन आणि इमारती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा उत्तम पाया आहे, कारण जमीन उचलून भिवंडीला नेता येत नाही. पण तोच पाया सवलती देण्यासाठीही सर्वांत सोपा आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला आणि तशीच मागणी आपल्याकडेही सतत होत असते. छोट्या घरातल्या कुटुंबाचा बोजा हलका व्हावा ही भावना मला मान्य आहे. पण त्यासाठी घर पायातूनच वगळण्यापेक्षा त्याला कमी दर लावणे मी अधिक योग्य मानतो. एकदा वगळलेले घर पुन्हा पायात आणण्याचे धैर्य कोणतेही सभागृह दाखवत नाही, आणि पाणी, कचरा, दिवाबत्तीचा खर्च मग उरलेल्यांच्या दरात चढतो.

'करपाया रुंदावणे' हा शब्दप्रयोग आपल्या अभ्यासात वारंवार येईल. त्याचा अर्थ 'करदात्यांची संख्या वाढवणे' असा लावला जातो, आणि तो अर्धाच आहे. देशात वर्षाला ८ कोटींहून जास्त प्राप्तिकर विवरणपत्रे भरली जातात, पण त्यांतल्या मोठ्या भागात भरायचा कर शून्य असतो. संख्या वाढली तरी पाया वाढेलच असे नाही. उलट एकही नवा करदाता न आणता, एखादी वजावट काढून टाकली तर पाया रुंदावतो. प्राप्तिकराच्या नव्या करप्रणालीत दर कमी ठेवून गुंतवणूक, विमा, घरभाडे यांच्या बहुतेक वजावटी काढल्या, ते याच मार्गाने झाले. हा विचार नवा नाही. १९९१ मध्ये करसुधारणांसाठी नेमलेल्या राजा चेलय्या समितीने आणि २००२ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलांनी सूट कमी करा, पाया रुंद करा, दर मध्यम ठेवा, हीच दिशा दाखवली होती. एक मोठा भाग मात्र राज्यघटनेनेच बाजूला ठेवला आहे: शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, केंद्राकडे नाही.

दर कमी केल्याने पाया वाढतो का, असाही उपप्रश्न विचारला जातो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांनी कमी केले, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयांत अक्षरशः रांगा लागल्या. माझ्याकडे त्या काळात आलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या वर्षी घेणार असलेले घर आताच घेत होते. त्यामुळे ती वाढ पूर्णपणे नवा पाया मानता येणार नाही. पुढच्या वर्षाचा बराच पाया अलीकडे ओढला गेला होता. असा प्रश्न आल्यास उत्तरात हा भेद अवश्य लिहावा.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट, कारण आपल्या घरच्यांना तिचा उपयोग होईल. मालमत्ता कराचे दर महापालिकेची सभा दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवते. त्या दरांविरुद्ध एकट्या घरमालकाला फारसे काही करता येत नाही. करयोग्य मूल्याचे तसे नाही. नवी आकारणी झाली किंवा मूल्य वाढवले, तर महापालिकेने नोटीस द्यावी लागते, दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते, तिची सुनावणी होते आणि त्यानंतर न्यायालयात अपीलही करता येते. क्षेत्रफळ चुकीचे धरले आहे, वापर निवासी असताना बिगरनिवासी लावला आहे, शेजारच्या तशाच घराचे मूल्य कमी आहे, अशा हरकती मी अनेकदा मांडल्या आहेत आणि त्या मान्य झालेल्याही पाहिल्या आहेत. हरकतीच्या अर्जात 'कर फार जास्त आहे' असे लिहू नये. 'करयोग्य मूल्य अमुक कारणाने चुकीचे काढले आहे' असे लिहावे आणि सोबत घराचा मोजणी नकाशा जोडावा.